प्रस्तावना : दीर्घिकांच्या वाढीचा जमाखर्च

अब्जावधी तारे, त्यांच्या अधल्यामधल्या पोकळीत पसरलेला विरळ वायू व धूळ, आणि या साऱ्यांना गुरुत्वाकर्षणाने बांधून ठेवणारे अदृश्य द्रव्य यांच्या प्रचंड समुच्चयाला मराठीत दीर्घिका म्हणतात, आणि सूर्य व त्याचे ग्रहकुल ज्या दीर्घिकेत आहे तिच्यासाठी आकाशगंगा हे जुने नाव राखून ठेवण्याचा प्रघात आता रूढ झाला आहे. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट आकाराचा जलाशय, पुष्करिणी किंवा लांबट विहीर. हा शब्द खगोलशास्त्रासाठी योजणाऱ्यांच्या मनात बहुधा आकाराचेच साम्य असावे. पण पाणी साठण्याच्या जागेचे हे नाव आज वेगळ्याच अर्थाने सार्थ ठरले आहे, कारण गेल्या साठ वर्षांच्या संशोधनातून दीर्घिकेचे जे चित्र उभे राहिले आहे ते एकदा रचून ठेवलेल्या ताऱ्यांच्या ढिगाचे नसून, झरा आणि उपसा या दोहोंवर जिची पातळी ठरते अशा विहिरीचे आहे. बाहेरून वायू येतो, त्यातून तारे घडतात, मरणारे तारे त्यातला काही भाग बदललेल्या स्वरूपात परत करतात, काही वायू कायमचा बाहेर फेकला जातो आणि उरलेल्या शिलकीवर दीर्घिकेचे पुढचे आयुष्य चालते. या आवक-जावकीचा हिशेब कसा मांडला गेला, तो कुठे जुळला आणि कुठे अद्याप जुळत नाही, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

दीर्घिका वाढताना कोणी पाहिलेली नाही आणि पाहणेही शक्य नाही. सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे २३ कोटी वर्षे लागतात, म्हणजे मनुष्यजात अस्तित्वात आल्यापासून ही एक फेरीही पुरी झालेली नाही; एवढ्या संथ घडामोडीसाठी निरीक्षण हा शब्दच फसवा आहे. तरीही खगोलशास्त्रज्ञांना दोन वाटा मोकळ्या आहेत. प्रकाशाचा वेग मर्यादित असल्यामुळे जितके दूर पाहावे तितके जुने दिसते, आणि विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या प्रकाशाची तरंगलांबी वाटेत ताणली जाऊन तो वर्णपटाच्या तांबड्या बाजूकडे सरकतो; या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात आणि तिच्या मापावरून प्रकाश केव्हा निघाला असेल याचा अंदाज करता येतो. ही पहिली वाट झाली. मात्र तिच्यात एक मोठी अडचण आहे, ती अशी की ८०० कोटी वर्षांपूर्वीची म्हणून जी दीर्घिका दिसते तिची आजची अवस्था कधीच दिसत नाही, आणि आज शेजारी असलेल्या दीर्घिकेचे ८०० कोटी वर्षांपूर्वीचे रूपही दिसत नाही. एखाद्या गावातील बालके, तरुण आणि वृद्ध यांची छायाचित्रे एकत्र ठेवली तरी कोणते बालक कोणत्या वृद्धासारखे होईल हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी माणूस वयानुसार कसा बदलतो याचे स्वतंत्र ज्ञान हवे. दुसरी वाट हे ज्ञान मिळविण्याची आहे : एकाच दीर्घिकेच्या प्रकाशात मिसळलेल्या निरनिराळ्या वयांच्या ताऱ्यांचे प्रमाण ओळखून तिचा पूर्वेतिहास आणि पुढील वाटचाल गणिताने काढायची. ही दुसरी वाट पद्धतशीरपणे आखण्याचे श्रेय इतर कोणाहीपेक्षा न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या बिअॅट्रिस टिन्सली या शास्त्रज्ञेकडे जाते, आणि म्हणून या प्रस्तावनेत तिच्या कामाला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

टिन्सलीच्या आधी दीर्घिकांविषयी काय धारणा होती हे थोडक्यात पाहणे इष्ट ठरेल. १९२३ मध्ये एडविन हबल याने देवयानीच्या तेजोमेघात सेफीड जातीचा रूपविकारी तारा ओळखला, त्याच्या तेजाच्या चढउताराच्या कालावधीवरून अंतर काढले, आणि हा तेजोमेघ आकाशगंगेच्या कितीतरी बाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. पुढे त्यानेच दीर्घिकांचे आकारावरून वर्गीकरण केले : गोलसर किंवा लंबगोल अशा विवृत्ताकार, आणि चपट्या तबकडीत बाहू पसरलेल्या सर्पिल. विवृत्ताकार दीर्घिकांना त्याने 'आधीच्या' आणि सर्पिलांना 'नंतरच्या' प्रकारच्या म्हटले. हबलला या शब्दांतून काळाचा क्रम सुचवायचा नव्हता, केवळ साध्या आकाराकडून गुंतागुंतीच्या आकाराकडे जाण्याचा क्रम सांगायचा होता. पण शब्द एकदा रूढ झाले की ते योजणाऱ्याचे ऐकत नाहीत, आणि शंभर वर्षे होत आली तरी विद्यार्थ्यांना प्रत्येक पिढीत या नावांचा खुलासा करून सांगावा लागतो. गंमत अशी की प्रत्यक्षात उलटेच आढळते, कारण 'आधीच्या' म्हटलेल्या दीर्घिकांत म्हातारे तांबूस तारे असतात आणि 'नंतरच्या' दीर्घिकांत तरुण निळे.

हा रंगाचा भेद का पडतो, याचे उत्तर देण्यास लागणारी सामग्री १९४० ते १९६० या दोन दशकांत तुकड्यातुकड्यांनी जमली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिस शहरावर दिवे मालवण्याचे बंधन असताना माउंट विल्सनच्या काळोख्या आकाशाचा लाभ घेऊन वॉल्टर बाडे याने देवयानी दीर्घिकेच्या मध्यभागातील तारे सुटे करून दाखविले, आणि १९४४ मध्ये ताऱ्यांचे दोन वेगळे समुदाय असल्याचे मांडले : बाहूंमधील निळे तेजस्वी तारे एका समुदायाचे, मध्यभागातील तांबूस तारे दुसऱ्याचे. १९५५ मध्ये एडविन सॉलपीटर याने वायूच्या ढगातून एका वेळी जन्मणाऱ्या ताऱ्यांत हलके किती आणि जड किती याचे प्रमाण ठरविले. १९५७ मध्ये मार्गारेट व जेफ्री बरबिज, विल्यम फाउलर आणि फ्रेड हॉइल यांनी हायड्रोजन व हीलियम यांहून जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात हे सविस्तर दाखविले, आणि १९५९ मध्ये मार्टेन श्मिट याने ताऱ्यांच्या जन्माचा वेग वायूच्या घनतेवर अवलंबून असतो असे सूत्र सुचविले. जड मूलद्रव्यांना खगोलशास्त्रज्ञ सरसकट 'धातू' म्हणतात, मग तो कार्बन असो वा ऑक्सिजन. रसायनशास्त्रज्ञाला खटकणारा हा प्रयोग या विषयात इतका रुळला आहे की येथेही तोच पाळला आहे. पाया भरून झाला होता, चिरे घडवून ठेवलेले होते. ते रचण्याची निकड मात्र कोणाला भासली नव्हती, कारण दीर्घिकांकडे पाहणाऱ्या त्या काळातील श्रेष्ठ ज्योतिर्विदांचे लक्ष दीर्घिकांवर नव्हतेच.

ते लक्ष विश्वाच्या भवितव्यावर होते. विश्वाचे प्रसरण गुरुत्वाकर्षणामुळे मंदावत असले पाहिजे अशी समजूत होती, आणि मंदावण्याचे माप कळले तर विश्व पुढे कायम पसरत राहील की पुन्हा आकसेल हे ठरणार होते. पालोमार पर्वतावरील २०० इंची दुर्बिणीने हे माप काढण्याचा कार्यक्रम ॲलन सँडेज याने १९६१ मध्ये तपशीलवार मांडला आणि पुढची अनेक वर्षे चिकाटीने चालविला. पद्धत साधी होती. दीर्घिकांच्या मोठ्या गुच्छांमधील सर्वांत तेजस्वी विवृत्ताकार दीर्घिका बऱ्याच अंशी एकसारख्या तेजाच्या दिसतात. त्यांना ठरावीक क्षमतेचे दिवे मानले तर दिसणाऱ्या तेजावरून अंतर मिळते, ताम्रसृतीवरून वेग मिळतो, आणि जवळच्या व दूरच्या दिव्यांची तुलना करून प्रसरणाचा इतिहास मिळतो. या साऱ्या इमारतीखाली एकच गृहीत होते, ते असे की शेकडो कोटी वर्षांपूर्वीचा दिवा आजच्या दिव्याइतकाच प्रखर होता, किंवा फरक असलाच तर तो दुर्लक्षिण्याजोगा होता.

टिन्सलीने बोट ठेवले ते नेमके या गृहीतावर. १९४१ मध्ये इंग्लंडमधील चेस्टर येथे जन्मलेली आणि क्राइस्टचर्चच्या कॅंटरबरी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेली ही तरुणी पतीच्या नोकरीनिमित्त १९६३ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे आली, आणि तेथून सुमारे ३०० किलोमीटरवरील ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात ये-जा करत तिने डॉक्टरेटचा प्रबंध अल्पावधीत पूर्ण केला. प्रबंधाचा विषय दीर्घिकांची उत्क्रांती आणि विश्वरचनेच्या दृष्टीने तिचे महत्त्व हा होता, आणि त्यावर आधारलेला निबंध १९६८ मध्ये 'ॲस्ट्रोफिजिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. ताऱ्यांची आयुष्ये, त्यांचे जन्मप्रमाण, वायूचा साठा, धातूंचे उत्पादन ही पूर्वसूरींनी स्वतंत्रपणे मांडलेली प्रकरणे तिने एकाच खातेवहीत आणली, आणि दीर्घिकेचा रंग, तेज व वायू काळानुसार कसे बदलतील हे टप्प्याटप्प्याने मोजून काढले.

ही मोजणी कशी चालते हे जवळून पाहिल्याखेरीज तिचे सामर्थ्य ध्यानात येत नाही. समजा, एका दीर्घिकेत एकाच वेळी ताऱ्यांची एक तुकडी जन्माला आली. सॉलपीटरच्या प्रमाणानुसार सूर्याच्या दहापट वस्तुमानाच्या आसपासचा एक तारा जन्मला तर सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या आसपासचे सुमारे २० तारे जन्मतात, आणि त्याहून हलक्या ताऱ्यांची संख्या आणखी मोठी असते. पण दहापट वजनाचा तो एकटा तारा सूर्याच्या काही हजार पट प्रकाश देतो, म्हणजे त्या २० जणांची बेरीज त्याच्यापुढे नगण्य ठरते, आणि तो अतिशय तापलेला असल्यामुळे साऱ्या तुकडीचा रंग निळा दिसतो. मात्र एवढ्या उधळपट्टीने त्याचे इंधन दोन-तीन कोटी वर्षांतच संपते. सूर्याच्या दुप्पट वजनाचा तारा शंभर कोटी वर्षांच्या थोडा पुढे जातो, सूर्यासारखा सुमारे एक हजार कोटी वर्षे टिकतो, आणि सूर्याहून बराच हलका तारा विश्वाच्या आजच्या १,३८० कोटी वर्षांच्या वयालाही पुरून उरतो. म्हणून तुकडीचे वय वाढत जाते तसे वरचे, निळे तारे एकेक करून गळतात, तिचा प्रकाश मुख्यतः आयुष्याच्या अखेरीस फुगून तांबड्या पडलेल्या महाकाय ताऱ्यांकडून येऊ लागतो, आणि तो एकंदरीत मंद व तांबूस होत जातो. आता प्रत्येक टप्प्यावर उरलेल्या वायूतून नवी तुकडी जन्मते असे धरायचे, जुन्या तुकड्यांतील मेलेल्या ताऱ्यांनी परत केलेला वायू व धातू शिलकीत मिळवायचे, आणि सर्व तुकड्यांच्या प्रकाशाची बेरीज करायची. हाच क्रम पुन्हापुन्हा चालविला की त्या दीर्घिकेचे सारे चरित्र हाती येते. ज्या दीर्घिकेने आपला वायू आरंभीच खर्चून टाकला ती आज तांबूस विवृत्ताकार दीर्घिकेशी जुळते, आणि जिने तो पुरवून पुरवून वापरला ती निळसर सर्पिल दीर्घिकेशी. हबलच्या वर्गीकरणातील आकारभेदामागे खर्च करण्याच्या सवयीचा भेद आहे, असे या हिशेबाने प्रथमच आकड्यांनिशी दाखविले.

सँडेजच्या कार्यक्रमावर याचा परिणाम गंभीर होता. विवृत्ताकार दीर्घिकेत नवे तारे जन्मत नसतील तर ती वयानुसार मंदावणारच, म्हणजे दूरचा, जुना दिवा आजच्यापेक्षा प्रखर असणारच. आणि ही दुरुस्ती इतकी मोठी निघाली की प्रसरण मंदावण्याचे माप तिच्यात बुडून जात होते. सँडेजला ही टीका मानवली नाही आणि वाद बरीच वर्षे चालला. त्यातच १९७५ मध्ये जेरेमाया ऑस्ट्रायकर व स्कॉट ट्रेमेन यांनी, गुच्छाच्या मध्यभागी बसलेली दीर्घिका शेजारच्या लहान दीर्घिका गिळून उलट प्रखर होत जाते असे दाखविले, तेव्हा दिव्यांचा भरवसा दोन्ही बाजूंनी सुटला. त्याच वर्षी जेम्स गन आणि टिन्सली यांनी, उपलब्ध पुरावा एकत्र धरल्यास विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वेगावत असावे असे सुचविणारा निबंध 'नेचर'मध्ये लिहिला. १९९८ मध्ये अतिदीप्त नवताऱ्यांच्या साहाय्याने प्रसरण खरोखरच वेगावत असल्याचे आढळले, म्हणून या निबंधाला द्रष्टेपणाचे श्रेय देण्याचा मोह होतो. तो आवरावा हे बरे, कारण त्यातील निष्कर्ष ज्या मोजमापांवर उभा होता ती तेवढी भक्कम नव्हती आणि लेखकांनीही तो सावधपणेच मांडला होता. टिन्सलीचा टिकाऊ विजय वेगळा आहे. ज्या प्रश्नासाठी तिने दीर्घिकांची खातेवही उघडली तो प्रश्न पुढे इतर साधनांनी सुटला, पण खातेवही मात्र स्वतंत्र शास्त्र होऊन बसली.

१९७५ मध्ये ती येल विद्यापीठात गेली, १९७८ मध्ये तेथील खगोलशास्त्राची पहिली महिला प्राध्यापक झाली, आणि २३ मार्च १९८१ रोजी, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले. तिच्या आयुष्यावर लिहिणारे बहुधा संसार आणि संशोधन यांच्या ओढाताणीवर व अकाली मृत्यूवर भर देतात. ते खोटे नाही. पण जिचे जवळजवळ प्रत्येक समीकरण आजच्या दीर्घिकाविषयक आज्ञावलींत कुठल्या ना कुठल्या रूपात वावरते आहे तिच्याबद्दल सहानुभूतीपेक्षा तिच्या कामाचे वाचन अधिक न्याय्य होईल. १९७७ मध्ये रिचर्ड लार्सन याच्यासमवेत तिने येल येथे भरविलेली परिषद या शाखेचा आरंभबिंदू मानली जाते, आणि १९८० मध्ये तिने लिहिलेला विस्तृत आढावा नवा संशोधक आजही प्रथम वाचतो.

या खातेवहीतील दोन नोंदींकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. पहिली नोंद सूर्याच्या शेजारपाजारच्या दीर्घायुषी ताऱ्यांची आहे. आकाशगंगा जर सुरुवातीला मिळालेल्या वायूवरच जगली असती, तर आरंभीच्या, धातू फारसे नसलेल्या वायूतून पुष्कळ तारे घडले असते, आणि त्यांतील हलके तारे आजही जिवंत असल्यामुळे ते मोठ्या संख्येने आढळायला हवे होते. प्रत्यक्षात असे धातुदरिद्री तारे फारच थोडे सापडतात. जमा दाखविलेले मुद्दल आणि प्रत्यक्ष खर्च यांची तोंडमिळवणी होत नाही, याचा सरळ अर्थ असा की मुद्दल एकदम मिळालेलेच नव्हते. ते बाहेरून सावकाश, हप्त्याहप्त्याने येत राहिले, आणि जेव्हा बहुतेक तारे घडले तेव्हा हाताशी असलेला थोडा वायू आधीच्या ताऱ्यांनी बराचसा धातुमय करून ठेवला होता. लार्सनने १९७२ मध्ये हा विचार पुढे मांडला. दीर्घिकेला झरा आहे याचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत पटणारा पुरावा दुर्बिणीतून दिसलेल्या वायूच्या प्रवाहात नसून, जे तारे असायला हवे होते आणि नाहीत त्यांच्या अनुपस्थितीत आहे, ही गोष्ट या शास्त्राच्या स्वभावाबद्दल बरेच काही सांगून जाते. दुसरी नोंद ऑक्सिजन आणि लोह यांची. ऑक्सिजन अल्पायुषी जड ताऱ्यांच्या स्फोटांतून लगेच मिळतो, तर लोहाचा बराच वाटा श्वेत बटू नावाच्या निवलेल्या ताऱ्यांच्या स्फोटांतून, पुष्कळ उशिरा मिळतो. म्हणून एखाद्या ताऱ्यात लोहाच्या मानाने ऑक्सिजन अधिक असेल तर तो दीर्घिकेच्या घाईच्या काळात जन्मला असे समजते. हे घड्याळ टिन्सलीने १९७९ मध्ये लावून दिले आणि ते अद्याप चालू आहे.

झऱ्याखेरीज वाढीचा आणखी एक मार्ग आहे, तो म्हणजे दुसऱ्याची सारी मालमत्ता एकदम ताब्यात घेण्याचा. ॲलर व युरी टूम्रे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकाने दाखविले की काही दीर्घिकांतून निघालेल्या लांबच लांब शेपट्या दोन दीर्घिका एकमेकींजवळून जाताना गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने निघतात. १९७८ मध्ये लार्सन व टिन्सली यांनी हॉल्टन आर्प याने संग्रहित केलेल्या विस्कटलेल्या दीर्घिकांचे रंग तपासून, अशा भेटीगाठींत तारे अचानक लोंढ्याने जन्मतात हे ताडले. खुद्द आकाशगंगाही याला अपवाद नाही. १९९४ मध्ये धनू राशीच्या दिशेस एक लहान दीर्घिका तिच्याकडून ओरबाडली जात असल्याचे आढळले, आणि २०१८ मध्ये गाया या अंतराळयानाने नोंदविलेल्या ताऱ्यांच्या स्थानगतींवरून, सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी आकाशगंगेत विलीन झालेल्या एका मोठ्या दीर्घिकेचे तारे ओळखता आले. हे तारे सूर्याच्या परिसरातूनही ये-जा करतात. केवळ त्यांच्या भ्रमणाची दिशा आणि पोटातील धातूंचे प्रमाण घरच्या ताऱ्यांशी जुळत नाही.

दरम्यान पहिली वाटही, म्हणजे दूर पाहून भूतकाळ गाठण्याची वाट, खुली होत गेली. डिसेंबर १९९५ मध्ये हबल दुर्बिणीने सप्तर्षींमधील एका रिकाम्या भासणाऱ्या ठिपक्यावर दहा दिवस नजर रोखली आणि त्यात सुमारे ३,००० दीर्घिका सापडल्या. अशा पाहण्यांतून पुढे जो आलेख तयार झाला तो या विषयाचा कणा म्हणता येईल : विश्वाच्या ठरावीक आकारमानात दरवर्षी किती वस्तुमानाचे तारे घडत होते याचा हा आलेख आरंभापासून चढत जातो, महास्फोटानंतर सुमारे ३५० कोटी वर्षांनी शिखर गाठतो, आणि तेथून आजपर्यंत जवळजवळ दहापटीने उतरतो. आकाशगंगेत आज वर्षाला एक-दोन सूर्यांएवढेच तारे घडतात. एके काळच्या या भरभराटीला उतरती कळा का लागली, या प्रश्नाची उत्तरे अनेक सुचविली गेली. स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचे वारे वायूला बाहेर ढकलतात. केंद्रातील महाकाय कृष्णविवराभोवतीची ऊर्जा वायूला तापवून त्याला निवू देत नाही. गुच्छात शिरलेल्या दीर्घिकेचा बाहेरचा वायू हिरावला जाऊन तिचा झराच तुटतो, आणि हे शेवटचे उत्तर टिन्सली, लार्सन व नेल्सन काल्डवेल यांनी १९८० मध्येच देऊन ठेवले होते. पण उत्तरांची निवड करण्यासाठी एक आकडा हवा होता, तो म्हणजे भरभराट ओसरू लागली त्या काळात दीर्घिकांच्या तिजोरीत वायू किती होता. प्रकाश ताऱ्यांचा दिसतो; तारे ज्यापासून घडतात त्या थंड हायड्रोजनचा दिसत नाही.

या आकड्याचा शोध महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथे लागला. थंड हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरी उत्सर्जित करतो, आणि ८०० कोटी वर्षे प्रवास केलेली ही लहर विश्वाच्या प्रसरणामुळे सुमारे दुप्पट ताणलेली, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या आसपास पोहोचते. अशा लांब लहरी टिपण्यासाठी गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत. मीटरभर लांबीच्या लहरींना भरीव पत्र्याची गरज नसते, हे ओळखून या तबकड्यांचा पृष्ठभाग बारीक तारांच्या जाळीचा केलेला आहे. ही जाळी ताणलेल्या पोलादी दोरांनी आकारात धरलेली असते आणि वारा तिच्यातून आरपार जातो, त्यामुळे सारा सांगाडा हलका आणि स्वस्त झाला. परंतु एवढ्या दुर्बिणीलाही इतक्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा हायड्रोजन ऐकू येत नाही. तो कुजबुजीहून क्षीण असतो. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील आदित्य चौधुरी, निसीम काणेकर व जयराम चेंगलूर आणि बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी यावर तोडगा काढला तो बेरजेचा. हवाईतील केक दुर्बिणीच्या पाहणीतून ज्यांचे स्थान व ताम्रसृती आधीच ठाऊक होती अशा ७,६५३ दीर्घिकांच्या जागी येणारे संकेत त्यांनी योग्य तरंगलांबीला जुळवून एकावर एक रचले. असे केल्याने यादृच्छिक खरखर वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे येथे सुमारे ८७ पटींनी दबते, आणि सर्वांत समान असलेला हायड्रोजनचा संकेत वर डोकावतो. २०२० मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीनुसार त्या दीर्घिकांत सरासरी सुमारे १,२०० कोटी सूर्यांएवढा अणुरूप हायड्रोजन होता, म्हणजे त्यांतील सर्व ताऱ्यांच्या वस्तुमानाहूनही काहीसा अधिक.

तिजोरी भरलेली होती. पण खर्चही तसाच होता. वर्षाला सरासरी आठ सूर्यांच्या आसपास तारे घडविणाऱ्या या दीर्घिकांचा साठा, बाहेरून भर पडली नाही तर, सुमारे १५० कोटी वर्षांतच संपला असता. आजच्या दीर्घिकांत याच पद्धतीने काढलेला काळ कितीतरी लांब येतो. म्हणजे त्या काळी कमतरता वायूची नव्हती, तर पुढे येणाऱ्या वायूची आवक खर्चाला पुरेनाशी झाली, आणि ताऱ्यांच्या जन्मदरात आलेली घसरण मुख्यतः तेथून सुरू झाली असा अर्थ संशोधकांनी लावला. आधी सांगितलेल्या तीन उत्तरांपैकी वारे आणि कृष्णविवरे यांची भूमिका त्यामुळे रद्द होत नाही, कारण आवक का आटली हे याच कारणांनी ठरू शकते. परंतु प्रश्न आता 'तारे घडणे का थांबले' असा न राहता 'झरा कोणी अडविला' असा झाला आहे, आणि लार्सन-टिन्सली यांच्या काळातील खातेवहीची भाषा पुन्हा वापरात आली आहे.

आलेखाच्या दुसऱ्या, प्राचीन टोकाला अडचण याच्या नेमकी उलट आहे. २५ डिसेंबर २०२१ रोजी अंतराळात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने महास्फोटानंतर अवघ्या ३० कोटी वर्षांच्या सुमारास अस्तित्वात असलेल्या दीर्घिका दाखविल्या, आणि त्या अपेक्षेहून प्रखर निघाल्या. पुण्याच्या याच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांना वेबच्या प्रतिमांत, विश्वाचे वय सुमारे १५० कोटी वर्षे असतानाची, दोन रेखीव बाहूंची एक सर्पिल दीर्घिका आढळली आणि २०२५ मध्ये त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. हिंदीत आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात, आणि हिमालयात मंदाकिनीची भगिनी अलकनंदा आहे, म्हणून या दीर्घिकेचे नाव अलकनंदा ठेवले गेले. वर्षाला सुमारे ६० सूर्यांएवढे तारे घडविणारी ही दीर्घिका एवढ्या लवकर तबकडीत स्थिरावून बाहू कशी उलगडू शकली, याचा खुलासा अजून व्हायचा आहे. सुरुवातीच्या दीर्घिका ओबडधोबड आणि अस्थिर असाव्यात ही समजूत तिने निदान सरसकट राहू दिलेली नाही. तिच्यातील ताऱ्यांची खतावणी टिन्सलीच्या पद्धतीने झाली आहे, पण ज्या थंड हायड्रोजनवर ती जगत होती त्याची पाटी कोरीच आहे. खोडदचा आकडा हजारो दीर्घिकांची सरासरी सांगतो, आणि अलकनंदेएवढ्या अंतरावरच्या एखाद्या सामान्य दीर्घिकेच्या नावावर तिचा स्वतःचा हायड्रोजन अद्याप कोणी नोंदविलेला नाही.